रविवारी दारूची दुकानं बंद असावीत का? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

आमच्या दुकानाला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने गावातले पुरुष येतात. दुपारी दीडनंतर रस्ता सामसूम झाला की मागच्या दाराने त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या बायका येतात. कुणी मीठ मागायला म्हणून, कुणी उधारी किती झाली ते विचारायला. बोलणं मात्र शेवटी एकाच जागी येतं. "वहिनी, आयताराचा एक दिवस तरी बंद ठेवा. सहा दिवस तुमचे, एक आमचा."

डिचोली तालुक्यातला आमचा हा बार सासऱ्यांच्या काळापासूनचा. चार टेबलं, एक काचेचं कपाट, कॅलेंडरच्या शेजारी परवान्याची फ्रेम. गल्ल्यावर मी बसते. तेव्हा या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात आता ठरावाची कुजबुज आहे: रविवारी दारूविक्री बंद ठेवावी, तशी मागणी सरकारकडे करावी. ग्रामसभा बहुतेक रविवारीच असते, हा त्यातला विनोद. हात वर करायचा की नाही हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पर्याय चार दिसतात. आहे तसं चालू द्यायचं. रविवारी सगळं बंद. रविवारी चालू, पण तास कमी. आणि चौथा, ज्या त्या गावाने मतदान करून ठरवायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. दारू हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे आणि गोव्यात कारभार चालतो तो १९६४ च्या अबकारी कायद्याखाली. ग्रामसभा ठराव करील, दिवस सरकार ठरवील. उलट बाजूने, आम्हा दुकानदारांना "आमच्या धंद्याच्या हक्काचं काय" असं ओरडून उपयोग नाही. दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सांगून टाकलेलं आहे. शिवाय घटनेचं ४७ वं कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेनेच जायला सांगतं. तेव्हा सरकारला करता येईल का, हा प्रश्नच नाही. करून काय मिळेल, तेवढंच बघायचं.

रविवार कुणाचा?

रविवारी दारू विकू नये हा नियम मुळात विलायतेतला आणि अमेरिकेतला. तो देवाचा वार, त्या दिवशी प्रार्थना आणि विसावा, एवढंच त्यामागचं कारण होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६१ साली असे रविवारचे कायदे आले, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की उगम धार्मिक असेल, पण आता हेतू सगळ्यांना एक सामायिक सुट्टी मिळावी हा आहे, म्हणून ते चालतील.

आपल्याकडे रविवारच्या सुट्टीची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १० जून १८९० ला ती सुट्टी पदरात पडली. ती कामगाराची सुट्टी. त्याने ती कशी घालवावी हे सांगायला तेव्हा कुणी गेलं नव्हतं.

आणि गोव्यात? चर्चमधली सकाळची मिस आटोपून आलेल्या ख्रिस्ती घरात रविवारचं जेवण म्हणजे आठवड्यातलं मोठं जेवण. त्याआधी एक-दोन पेग घेण्यात कुणाला पाप वाटत नाही. आमच्या हिंदू घरांत सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे सगळे शिवराक, म्हणजे शाकाहारी. मग मटण-मासळी आणि त्यासोबतची बाटली यांना मोकळे वार उरतात थोडेच, आणि त्यांतली सुट्टी रविवारीच असते. श्रावणात मात्र चित्र पालटतं. त्या महिन्यातल्या रविवारी आमच्याकडे आयतार पुजतात. सुना सकाळपासून सोवळ्यात, पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसून ठेवलेली. त्या चार-पाच रविवारी आमच्या दुकानातली दोन टेबलं तरी रिकामी असतात.

हे मुद्दाम सांगितलं. आपल्या समाजाने स्वतःचे कोरडे दिवस पूर्वीपासून पाळलेले आहेत, कुठल्याही राजपत्राशिवाय. सोमवारी आमच्याकडे न येणारा माणूस पोलिसाला घाबरून थांबलेला नसतो. घरी आई आहे, बायको आहे, देव्हारा आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की सोमवारी जो थांबू शकतो त्याला कायद्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो सोमवारीही माझ्यासमोर बसलेला असतो. पूर्ण बंदीचा विचार करताना हा दुसरा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

पूर्ण बंद: एक कोरडा रविवार आपण पाहिलेला आहे

लोक विसरले, पण गोव्याने असा रविवार पाहिलेला आहे. विधानसभेचं मतदान १४ फेब्रुवारी २०२२ ला, सोमवारी होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास दारूविक्री बंद. म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून बंद, आणि १३ फेब्रुवारीचा रविवार अख्खा कोरडा.

त्या शनिवारची दुपार मला चांगली आठवते. एरवी पेग मागणारे त्या दिवशी पिशव्या घेऊन आले होते. कापडी पिशवी, शाळेची जुनी बॅग, एकाने तर तांदळाची गोणी गुंडाळून आणली होती. जो रोज एक क्वार्टर नेतो त्याने तीन नेल्या. का, तर "एक आयताराची, एक सोमवाराची, एक आजची." एरवी जी संध्याकाळभर पुरते, त्या आजच्या क्वार्टरचं झाकण त्याने पायरीवरच उघडलं. वहीत त्या शनिवारचं पान मला मागच्या बाजूलाही लिहावं लागलं. म्हणजे रविवार बंद राहिला खरा, पण दुकानात तो एक दिवस आधीच येऊन गेला होता.

तरी सगळेच पिशवी घेऊन आले नव्हते, हेही लिहायला हवं. साठा करायला हातात पैसे लागतात. ज्याच्या खिशात पेगापुरतेच होते तो त्या रविवारी खरोखर कोरडा राहिला, आणि त्याच्या बायकोने मंगळवारी येऊन मला सांगितलं, "वहिनी, भाताला बसला काल-परवा पोरांबरोबर." एवढंच म्हणाली. माझ्या मते रविवार-बंदीच्या बाजूने एवढा जोरदार पुरावा दुसरा नाही आणि मी तो दडवणार नाही.

पण दर आठवड्याला तसं होईल? इथे मला शंका येते. निवडणूक पाच वर्षांनी येते, तिच्यासाठी कुणी सोय करून ठेवत नाही. रविवार दर सात दिवसांनी येतो. तीन-चार आठवड्यांत गावात कुणाच्या तरी गोठ्यात कपाट तयार होईल, आणि तिथे क्वार्टरला वर वीस-तीस रुपये जास्त पडतील. आम्ही हे एकदा अनुभवलंय. महामार्गालगतची दारूची दुकानं हटवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अंतर मूळचं ५०० मीटर, लहान वस्तीच्या ठिकाणी पुढे २२० केलं. आमचं दुकान त्यात बसलं. पुढे सवलती मिळाल्या आणि शटर पुन्हा वर गेलं, पण मधल्या काळात आमची गिऱ्हाईकं पिणं सोडून बसली नव्हती. आतल्या वाटेवर बाटली मिळायला आठवडाही लागला नाही. तिथे ना परवाना, ना उधारीची वही, ना "आता पुरे, घरी जा" म्हणणारं कुणी.

डिचोलीकरांसाठी आणखी एक भानगड आहे, आणि तिचं नाव दोडामार्ग. पलीकडे महाराष्ट्र, तिथे रविवारी बार उघडे. आज तिकडची माणसं स्वस्त म्हणून इकडे येतात. रविवारी इथे बंद असेल तर इकडची पोरं तिकडे जातील, मोटरसायकलवर, तिघे-तिघे. आणि रात्री त्याच वळणांनी परत येतील. पेडणे, सत्तरी, काणकोण, सीमेवरच्या प्रत्येक तालुक्याला आपापलं दोडामार्ग आहे. गावातल्या गावात पिऊन चालत घरी जाणारा माणूस कायद्यामुळे गाडीवर बसणार असेल, तर ती बंदी मला नको.

केरळने हे करून पाहिलं. ऑक्टोबर २०१४ पासून तिथल्या सरकारने मोठ्या दारूधोरणाचा भाग म्हणून रविवार कोरडे केले, आणि डिसेंबरमध्येच तो निर्णय मागे घेतला. कारणं पर्यटन आणि रोजगार. बंदीचा आरोग्यावर काय परिणाम झाला हे कळायला तीन महिने पुरत नाहीत, त्यामुळे केरळचा दाखला देऊन कुणी "बघा, जमत नाही" म्हणालं तर तेही अर्धंच खरं. एवढं मात्र दिसतं की आपल्यासारख्याच पर्यटनावर जगणाऱ्या राज्याला दबाव तीन महिनेही पेलला नाही. गोव्यात शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या गाड्या येतात आणि रविवारी परततात. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना रविवार बंद सांगणारा मंत्री अजून जन्माला यायचाय. मग सूट येणार. हॉटेलांना सूट, कॅसिनोंना सूट, आणि बंदी उरणार आमच्या चार टेबलांवर आणि त्यावर बसणाऱ्या गवंड्यावर. असा कायदा मला अन्यायाचा वाटतो, माझा धंदा बाजूला ठेवून सांगते.

तरीही आकडे काय म्हणतात

बंदीच्या बाजूचे लोक आकडे आणत नाहीत, म्हणून मीच आणते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने १९९५ मध्ये रविवारची बंदी उठवली, म्हणजे बाटलीबंद दारू रविवारीही विकायला परवानगी दिली. नंतरच्या अभ्यासात असं आढळलं की रविवारच्या दारूशी संबंधित अपघातांत २९ टक्के आणि त्यांतल्या मृत्यूंत ४२ टक्के वाढ झाली. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते. पुढे इतर अभ्यासकांनी बंदी उठवलेली बाकीची राज्यंही तपासली, तेव्हा न्यू मेक्सिको वगळता तसा ठळक परिणाम दिसला नाही. स्वीडनमध्ये दारूची दुकानं सरकारी आहेत आणि रविवारी आजही बंद असतात. तिथे शनिवारची विक्री आधी काही भागांत प्रयोग म्हणून आणि २००१ पासून देशभर सुरू झाली. खप साडेतीन-चार टक्क्यांनी वाढला, मारामाऱ्या वाढल्याचं मात्र दिसलं नाही.

मग आपण कुणासारखे? मला वाटतं याबाबतीत आपण स्वीडनपेक्षा न्यू मेक्सिकोच्या जवळ आहोत. अंतरं मोठी नाहीत, पण संध्याकाळनंतर आतल्या गावांना बस मिळत नाही, म्हणून प्रत्येक घरात दुचाकी. पिणारा आणि चालवणारा एकच. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात रस्त्यांवर वर्षाला अडीचशेच्या वर माणसं जातात. बाणस्तारीच्या पुलावर ६ ऑगस्ट २०२३ ला एका आलिशान गाडीने तिघांचा जीव घेतला, चालक प्यायलेला होता असा आरोप झाला, सगळा गोवा पेटून उठला. तो दिवस रविवार होता. रविवारची संध्याकाळ ही आपल्या रस्त्यांवरची अवघड वेळ आहे: सहलीवरून परतणारे, बारशा-लग्नांहून परतणारे, गावचा फुटबॉल बघून परतणारे.

पण नीट बघा, न्यू मेक्सिकोतला बदल दुकानातून नेण्याच्या बाटलीचा होता. आपल्याकडे परवाने दोन तऱ्हेचे: सीलबंद बाटली विकणारं वाईन शॉप आणि पेग देणारा बार. ठरावात नुसतं "दारूविक्री" लिहिलंय. बाटली बंद करून बार चालू ठेवला तर माणूस बाहेर पिऊन घरी येईल. बार बंद करून बाटली चालू ठेवली तर तो घरात, पोरांसमोर पिईल. बायकांना विचारलं तर उत्तरं दोन्ही मिळतात. एक म्हणते डोळ्यांसमोर असला तर बरा, दुसरी म्हणते घरात बाटली नकोच. ठराव लिहिणाऱ्यांनी हा फरक केलेलाच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातले सुमारे ३७ टक्के पुरुष पितात असं आलं. देशभराचा आकडा १९ च्या आसपास. म्हणजे देशाच्या जवळजवळ दुप्पट. "आमचं पिणं म्हणजे संस्कृती" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. मीही वाचलाय, गल्ल्यावर बसून.

तास कमी करणं

हा पर्याय कुणी ग्रामसभेत मांडत नाही, कारण त्यात घोषणा होत नाही. "रविवार बंद" फलकावर लिहिता येतं, "दुपारी बारा ते रात्री आठ चालू" लिहिलं तर ते दवाखान्याच्या पाटीसारखं दिसतं.

लिथुआनियाने १ जानेवारी २०१८ पासून हेच केलं. दुकानातली दारूविक्री इतर दिवशी सकाळी १० ते रात्री ८, आणि रविवारी १० ते दुपारी ३. जोडीला पिण्याचं वय २० केलं. हे माझ्या दुकानावर घालून बघते तेव्हा मला पटतं. आमच्याकडे रविवारी त्रासाच्या वेळा दोनच. सकाळी लवकर येणारे तीन-चारजण, ज्यांचे हात पेगाआधी थरथरतात. आणि रात्री साडेआठनंतरचे, जे जेवायला घरी जायचं विसरतात. दुपारी मासळी विकत घेऊन आलेला, एक बिअर पिऊन निघून जाणारा माणूस कुणाच्याच तक्रारीत नसतो. पूर्ण बंदी त्यालाही धरते. तास कमी केले तर नेमक्या त्या दोन टोकांना हात बसतो.

पहाटे थरथरणाऱ्यांबद्दल मात्र सावध. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फीट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यांना कुलूप दाखवून भागत नाही, डॉक्टर लागतो.

आणि गोठ्यातलं कपाट? तास कमी केल्याने तेही निघेल, पण त्याचा धंदा जगायला कठीण जाईल. चार तासांसाठी कोण जास्त पैसे मोजेल? उद्या सकाळी दुकान उघडणारच आहे.

अंमलबजावणी मात्र पूर्ण बंदीपेक्षा कठीण. बंद म्हणजे बंद, शटर खाली दिसलं की अबकारी निरीक्षकाचं काम झालं. आठ वाजले की नाही यावर वाद होतो. दहा हजारांहून जास्त परवाने असलेल्या राज्यात हा मुद्दा छोटा नाही.

गावाने ठरवावं?

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना "आडवी बाटली" माहीत आहे. तिथे मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण नोंदलेल्यांपैकी. त्यामुळे अनेक ठिकाणी बायका जिंकूनही हरल्या आहेत. तसा नियम गोव्यात नाही, तो आणायचा तर विधानसभेत आणावा लागेल. तिथे दारूबंदीचा विषय अगदीच निषिद्ध नाही. मयेचे आमदार प्रेमेंद्र शेट यांनी जुलै २०२५ च्या अधिवेशनात ती मागणी केली होती. मये आमच्याच तालुक्यात, हे वेगळं सांगायला नको.

वेल्समध्ये १८८१ च्या कायद्याने रविवारी दारूची दुकानं बंद झाली. १९६१ नंतर प्रत्येक भागाने सात वर्षांनी एकदा मतदान करून ठरवायचं, असं झालं. एकेक भाग उघडत गेला, आणि शेवटचा कोरडा जिल्हा १९९६ मध्ये उघडला. मधल्या काळात काय चाललं होतं? माणसं शेजारच्या उघड्या भागात जात होती, आणि सभासदांच्या क्लबांना कायदा लागू नसल्याने असे क्लब वाढत होते. मला त्यात आपली गावं दिसतात. एक पंचायत कोरडी, रस्त्यापलीकडची ओली. गोव्यात दोन पंचायतींमधलं अंतर कधीकधी एक नारळाची बाग एवढंच असतं.

हुराकाचा प्रश्न

ठराव लिहिणाऱ्याला काजूचा मोसम आठवला नसावा. मार्च ते मे डोंगरावर काजूची बोंडं पडतात ती वार बघून पडत नाहीत. तुडवून निघालेला रस आंबतो तोही कॅलेंडर न बघता. हुराक म्हणजे या रसाची पहिल्या धारेची दारू. ती फेणीसारखी फार टिकत नाही, म्हणून लगेच विकली जाते, बहुतेक पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची सोबत. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला राज्याचं वारसापेय म्हटलं. मग रविवारी भट्टीवाल्याने काय करायचं? त्याचा मोसमच बारा-तेरा रविवारांचा, आणि शहरातली गिऱ्हाईकं त्याच्याकडे रविवारीच येतात. मोठ्या कंपनीची बाटली सोमवारी विकली जाते, त्याचा हुराक गिऱ्हाईकाविना पडून राहतो.

आणि ही भीती जुनी आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात तेव्हा असलेली दारूबंदी इकडे आली तर माडी काढणाऱ्या रेंदेरांनी आणि भट्टीवाल्यांनी कुठे जायचं, हाही बोलण्यातला एक मुद्दा होता. आमच्या घरातली मतं विलीनीकरणाच्या बाजूने पडली होती, सासरे शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. आणि परवाना काढून बारही त्यांनीच घातला. माणूस असा असतो.

मग कुणी काय निवडावं

तुमच्या घरात रोज पिणारा असेल आणि रविवारी तरी शांतता हवी म्हणून हात वर करणार असाल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण तो शनिवारीच दुप्पट आणील का, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आमच्याकडे बांधकामावरच्या माणसांचा आठवड्याचा हिशेब शनिवारी संध्याकाळी होतो. नोटा हातात पडतात तो तास खरा धोक्याचा. एकच वेळ बंद ठेवायची असती तर मी रविवार सोडून शनिवारची संध्याकाळ मागितली असती.

पर्यटनावर पोट असेल, तर पूर्ण बंदी तुम्हाला नको असणार हे उघड आहे. मग निदान तास कमी करायला विरोध करू नका. "आमच्या धंद्याला हात नको" म्हणत सगळंच अडवलंत, तर उद्या सगळंच बंद करा म्हणणारा आवाज मोठा होईल.

पिणाऱ्याची सोडवणूक हाच उद्देश असेल, तर ठरावात दुकानाच्या वेळेसोबत आरोग्य केंद्राचं नाव लिहा. पर्वरीच्या संगथ संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी बोलायचं, एक ते चार भेटी. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हाच आकडा २६ होता. निकाल २०१७ च्या लॅन्सेटमध्ये छापून आला. शंभरात दहा माणसं जास्त. ऐकायला थोडी वाटतात. माझ्या दुकानात शंभर गिऱ्हाईकं असतील, त्यातली दहा कोण असू शकतील ते मी नावानिशी सांगू शकते.

माझा हात मी तास कमी करण्यासाठी वर करणार. रविवारी विक्री फक्त दुपारी बारा ते रात्री आठ, बाटली आणि बार दोन्हींना सारखं, हॉटेलांना सूट नाही. कायदा येईल तेव्हा येईल. श्रावणापासून रविवारी आमचं शटर बाराला वर जाईल आणि आठला खाली येईल असं मी नवऱ्याला सांगून ठेवलंय. तो काही हसला नाही.

परवा मागच्या दाराने तीच आली, भाताला बसलेल्याची बायको. तिला सगळं सांगितलं, बारा ते आठ, असं असं. तिने ऐकून घेतलं, मिठाची पिशवी उचलली.

"आठला बंद केलंत तर नऊला जेवायला येईल," ती म्हणाली. मग दारात थांबली. "आणि शनिवारी गो, वहिनी?"